कान धरला की खरं

७ ऑगस्ट

मिळाली! सेनापतीची बायको मला मिळाली!

इतकी वर्षं रंगभूमीवर मी काय केलं, तर दारं उघडली. ‘बाईसाहेब, पाहुणे आलेत.’ ‘बाईसाहेब, पत्र आलंय.’ एका नाटकात तर नुसतीच ट्रे घेऊन आत जायचे आणि ट्रेवरचा कपही रिकामा असायचा. आज बाईंनी भूमिका वाटल्या. बाई म्हणजे आमच्या दिग्दर्शिका, अख्खी कंपनी त्यांना नुसतं बाई म्हणते. सेनापती माझ्या नवऱ्याला मिळणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “आणि बायको घरचीच घेऊ. भांडणाची तालीम वेगळी नको.” सगळे हसले, सगळ्यात जास्त मी हसले आणि नंतर मेकअपच्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

नाटक शेकडो वर्षांचं जुनं. नवा राजा जुन्या राजाला मारून गादीवर बसतो आणि एकेक सरदार संपवायला लागतो. सेनापती जीव वाचवायला वेडाचं सोंग घेतो, कारण वेड्याला कोण मारणार? परदेशी गेलेला मुलगा फौज घेऊन येईपर्यंत दिवस काढायचे. पण हेरांना पटावं म्हणून तो बायकोलाही सांगत नाही. तिचं रडणं खरं दिसायला हवं ना! ती बिचारी त्याला खरंच वेडा समजते आणि त्या दुःखात स्वतः भ्रमिष्ट होते. शेवटी राजा पडतो, सेनापती तोंड धुऊन, स्वच्छ कपडे घालून घरी येतो आणि सांगतो, मी शहाणाच होतो. ती त्याला ओळखत नाही. म्हणते, “मालक घरी नाहीत. नंतर या.” संपलं नाटक.

म्हणजे मुख्य भूमिका मिळूनही माझं शेवटचं वाक्य मोलकरणीचंच.

जेवताना मी म्हटलं, “खोटं वेड तुझं, खरं माझं. अवघड काम मला आलंय.” तो म्हणाला, “खोटं जास्त अवघड. खरं काय, आपोआप येतं.” आणि भाजी वाढून घेतली.

१० ऑगस्ट

सेनापती घरी राहायला आले. नवऱ्याची ही पद्धतच आहे, भूमिका मिळाली की ती तो घरी घेऊन येतो. आंधळा गवई केला तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून घरभर फिरला आणि माझ्या लाडक्या कुंडीचे तुकडे केले. खाष्ट मुकादम केला तेव्हा तर माझ्यावर माहेरी जायची पाळी आली होती. तेव्हाच मी कानाचा नियम केला. नवरा म्हणून काही खरं सांगायचं असेल तर डावा कान धरून सांगायचं. कान धरला की खरं. नाहीतर जे बोलशील ते त्या मुकादमाचं, मी मनाला लावून घेणार नाही. या नियमावर आमचा संसार टिकलाय म्हटलं तरी चालेल.

आज सकाळी हा कपड्यांच्या कपाटात जाऊन बसला. मी दार उघडलं तर विचारतो, “राजाची माणसं गेली?” मी म्हटलं, “इस्त्रीवाला होता.” मग कान धरून म्हणतो, “माझा निळा शर्ट दिलास ना त्याला?” हसून हसून माझं पोट दुखलं.

१६ ऑगस्ट

मी आधी एक घोट घेतल्याशिवाय हा चहा पीत नाही आता. पोळीचाही पहिला तुकडा मी मोडायचा. सेनापतीला विषाची भीती असणारच, बरोबर आहे. मात्र सकाळी मला उशीर होत होता आणि हा कप समोर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसला, तेव्हा चिडले. “अरे, कान धर आणि पी एकदाचा!” त्याने कान धरला नाही, चहाही प्यायला नाही. चहा गार झाला आणि मी बेसिनमध्ये ओतला.

२१ ऑगस्ट

नवीन काढलंय. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत प्रॉम्प्टर बसलाय म्हणे. विंगेत बसून नटाला विसरलेलं वाक्य हळूच सांगतो ना, तसा. फक्त हा नाटकातली वाक्यं सांगत नाही, घरातली सांगतो. “मी चहाचा कप उचलला की तो आधीच म्हणतो, चहा छान झालाय. मी म्हणायच्या आधी. मग मी म्हणतच नाही.”

तरीच माझ्या चहाचं कौतुक बंद झालंय!

हे नाटकात नाही. नाटकात सेनापती उलटे जोडे घालतो, खांबाशी गप्पा मारतो, राजाला आजोबा म्हणतो. भिंतीत कुणी नसतं. मी म्हटलं, “झकास आहे, बाईंना सांग, प्रवेशात घालू.” तो जवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, “बाईंना नको सांगूस. त्यांना ऐकू येत नाही तो.” काय नट आहे माझा नवरा! अंगावर काटा आला.

माझी मात्र तालमीत शोभा झाली. केस मोकळे सोडून, डोळे फिरवून, खदाखदा हसून माझा वेडाचा प्रवेश केला. बाईंनी सगळ्यांसमोर थांबवलं. “तू वेडं दिसायची धडपड करतेयस. ते तुझा नवरा करतोय, त्याचं सोंग आहे. तुझं खरं आहे. खऱ्याला वेडं दिसायची हौस नसते गं.” मग मी काय करू, ते नाही सांगितलं. घरी येताना वाटेत त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. तोही बोलला नाही, पण ते माझ्या रागामुळे असं मला वाटत नाही. त्याचं लक्षच नव्हतं.

२२ ऑगस्ट

त्याचे डोळे लाल. झोप लागत नाही म्हणतो. प्रयोग जवळ आला की कुणाला लागते?

२९ ऑगस्ट

नणंदबाई आल्या. त्यांच्या गावी त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, तिथे रंगकाम चाललंय म्हणून चार दिवस भावाकडे. याच्याहून बऱ्याच मोठ्या, आई गेल्यावर यांनीच त्याला वाढवलं, आणि हे मी विसरू नये याची त्या काळजी घेतात. आल्या आल्या माझी फोडणी जळल्याचं सांगून झालं.

संध्याकाळी याने भिंतीला कान लावून ठेवलेला त्यांनी पाहिला. मी हसत हसत सगळं समजावलं: सेनापती, सोंग, प्रॉम्प्टर. त्या हसल्या नाहीत. भांडी पुसता पुसता म्हणाल्या, “आमच्या धाकट्या काकांचं असंच सुरू झालं होतं. दुसऱ्याच्या हातचं खाईनात.”

“ताई, काका नट होते का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

बोलले आणि जीभ चावली, कारण त्यांच्या हातातला पेला तसाच राहिला. पण काय करणार? या घराण्यात सर्दी झाली तरी कुठल्या तरी काकांची आठवण निघते.

२ सप्टेंबर

आज आमचं जोरात वाजलं.

दुपारी मी पाठांतर करत होते. तो आला, समोर जमिनीवर बसला आणि डावा कान धरला. मी पुस्तक मिटलं. किती दिवसांनी नवरा भेटला, म्हणून खूश झाले. तो कान धरून म्हणाला, “भिंतीतला आता तुझीही वाक्यं सांगतो.”

मी म्हटलं, “अरे, कान सोड मग.”

“नाही. कान धरूनच सांगतोय. तू काय बोलणार ते तो मला आधी सांगतो. आत्ता म्हणाला, ती चिडेल.”

आणि मी चिडलेच! नियम एकच होता आमच्यात. मुकादमाने मोडला नाही, आंधळ्याने मोडला नाही, आणि या सेनापतीने माझ्या तोंडावर मोडला. कानालाही भूमिकेत ओढलं. उद्या हा मला ‘तू आवडतेस’ म्हणाला तर ते कोण म्हणालं हे मी कुठून ओळखू? मी ओरडले, “कानाशी खेळ नाही करायचा! ठरलं होतं आपलं!”

तो म्हणाला, “खेळ नाही.” कान तसाच धरलेला. घट्ट, पार लाल होईपर्यंत.

मी म्हटलं, “आजपासून कानाचा नियम बंद. तुला जे करायचं ते कर. मी काहीच खरं धरणार नाही.”

त्याने हात खाली घेतला. मग उठून गेला. नणंदबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी किती ऐकलं देव जाणे.

३ सप्टेंबर

तालमीत तो अप्रतिम. एक वाक्य चुकत नाही. जिन्यावर सगळ्यांशी हसून बोलतो. घरी माझ्याशी मात्र बोलत नाही; मी नसलेलीच बरी, असं दिसतंय.

८ सप्टेंबर

आज मी चोरी केली आणि शाबासकी मिळवली.

बाईंचं वाक्य डोक्यात घोळत होतं, खऱ्याला वेडं दिसायची हौस नसते. मला दुसरं काही सुचेना, म्हणून घरचा माल उचलला. माझ्या वेडाच्या प्रवेशात मी केस नीट बांधले. पदर सारखा केला. नाटकातल्या पाहुणीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी थोडी थांबले, जणू दुसरं कुणी काही सांगतंय आणि ते नाकारून मला माझं बोलायचंय. पेला तोंडाशी नेला आणि न पिता खाली ठेवला, अगदी सभ्यपणे, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ओठ पुसले. हे सगळं याचंच. पेला आणि ओठ तर आज सकाळचेच.

बाईंनी चष्मा काढला. “हे कुठून आणलंस?”

मी म्हटलं, “सुचलं.”

“हे सुचत नाही,” त्या म्हणाल्या. “ठेव. असंच ठेव. एक केसही हलवू नकोस.”

आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी मला ‘ठेव’ म्हटलं. हा कोपऱ्यात बसून बघत होता. वाटलं, चोरी पकडून हसेल. त्याने मान खाली घातली. मत्सर? असेल. मला तेवढं चालेल.

१२ सप्टेंबर

नणंदबाईंचं रंगकाम संपत नाही, आणि त्यांचं बोलणंही. आज म्हणाल्या, “मी डॉक्टरांची वेळ घेतलीय. उद्या त्याला घेऊन जाऊ.”

माझं डोकं फिरलं. प्रयोग सहा दिवसांवर आलाय! “ताई, त्याची अर्धी हयात सोंगं करण्यात गेली, तुम्ही एकदाही प्रयोगाला आला नाहीत. तुम्हाला काय कळणार?”

“नाटक मला नाही कळत. तो कळतो.”

आमचा आवाज वाढला आणि आतली कडी निघाली. हा बाहेर आला. दाढी केलेली, केस विंचरलेले, इस्त्रीचा निळा शर्ट. खुर्ची ओढून बसला. “ताई, दुकानाला कोणता रंग देतेयस?” आणि मग तासभर काय सुंदर बोलला! लहानपणी ताईच्या दुकानातले चष्मे लावून शाळेत गेला होता ती गोष्ट सांगितली, मास्तरांची नक्कल केली. त्यांनी ताटात वाढलं ते सगळं खाल्लं, माझ्या घोटाची वाट न बघता. मी नणंदबाईंकडे अशी बघत होते की बघा, रंग पुसावा तसं पुसून टाकतो हा. सोंग आहे सोंग! डॉक्टर कशाला?

तो आत गेला. दार लागलं. नणंदबाईंच्या डोळ्यांत पाणी.

“आता काय झालं?” मी विचारलं.

“दमलाय गं तो.”

“कशाने?”

“आत्ता जे केलं त्याने.”

आणि बॅग भरायला गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, कधीही फोन कर, मी दुकान बंद करून निघेन. मी जिंकले असं वाटायला हवं होतं. ताट उचलताना दिसलं, त्याच्या खुर्चीखाली रुमाल पडला होता आणि त्यात सगळे घास तसेच होते. तोंडातून काढून ठेवलेले. नटाचा हात आहे, समोर बसून मला दिसलं नाही.

बाई म्हणतात तसं, भूमिका हाडात मुरलीय. तेच असणार.

१७ सप्टेंबर

रंगीत तालीम झाली. कपडे, दिवे, नेपथ्य, सगळं. मला आता जे कळलंय ते लिहिते आणि मग काय करायचं ते बघते.

सुताराने किल्ल्याचा तट फार छान बांधलाय, मागे शिडी आहे, वर उभं राहिलं की प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेशी नजर भिडते. पहिल्या अंकात सेनापती तिथून वेडाचं सोंग सुरू करतो. प्रकाशयोजनेत चूक झाली म्हणून बाईंनी तो प्रवेश तीनदा करायला लावला. मी विंगेत उभी होते. तिन्ही वेळा त्याचा डावा जोडा त्याच शब्दावर निघाला. मान त्याच बाजूला कलली. हसू त्याच जागी आलं, त्याच उंचीवर थांबलं. शेजारी बाई म्हणाल्या, “याच्या वेडेपणावर घड्याळ लावावं. सोंग असं हवं.”

मी म्हटलं, “हो ना. घरी मात्र दर वेळी वेगळं करतो.”

म्हटलं सहज. म्हणून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

बसवलेली गोष्ट पुन्हा तशीच करता येते. हा तर आमचा धंदा आहे. घरी त्याने एकदाही काही पुन्हा तसंच केलं नाही. कपाट नंतर कधीच नाही. भिंत आधी एक, मग दुसरी, आता तो न्हाणीघरातही कान लावतो. कुणी घरी भूमिका बसवतं तेव्हा चुकतं, थांबतं, पुन्हा करून बघतं. आंधळा गवई बसवताना ‘हे जमलं का गं?’ विचारून विचारून त्याने माझं डोकं खाल्लं होतं. या वेळी त्याने एकदाही विचारलं नाही.

तेवढ्यात माझा प्रवेश आला. मी केस बांधले, पदर सारखा केला, पेला न पिता खाली ठेवला, ओठ पुसले. संपल्यावर बाई रंगमंचावर चढून माझ्याजवळ आल्या. इतक्या मऊ आवाजात त्या कधी बोलत नाहीत. “तुझ्या जवळचं कुणी आजारी आहे का गं? माझ्या मावशीला मी असं बघितलंय. हे पाहून माहीत असावं लागतं.”

मी “नाही” म्हटलं. तोंडातून तेच निघालं.

खोटं वेड कसं असतं ते तो तटावर दाखवत होता. खरं कसं असतं ते मी त्याच्याकडून शिकून केलं आणि बाईंनी ते पाहताक्षणी ओळखलं. घरात राहून मी ओळखलं नाही. त्याने कान धरून सांगितलं होतं. कान धरून! आणि मी नियमच बंद केला.

१८ सप्टेंबर, सकाळ

तो खिडकीशी उभा आहे. मी त्याच्यासमोर जाऊन कान धरला आणि म्हटलं, “माझं चुकलं. नियम चालू आहे.” तो म्हणाला, “हे तू म्हणतेयस की त्याने सांगितलं?”

आज संध्याकाळी प्रयोग. आत्ता डॉक्टरकडे नेलं तर प्रयोग नाही. मुख्य भूमिका, बाईंची मेहनत, कंपनीतल्या सगळ्यांची आशा. हे सगळं मी मनात मांडत बसलेय आणि माझीच मला किळस येतेय, तरी मांडतेच आहे. रंगमंचावर तो सुखरूप असतो. तिथे तो सगळ्यात शहाणा असतो. फक्त आजचा दिवस. नणंदबाईंना फोन केला. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, म्हणाल्या, “निघाले. विंगेत उभी राहीन. उद्या सकाळी उठल्याबरोबर नेऊ.”

उद्या सकाळी. लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

२१ सप्टेंबर

आता जरा बसता येतंय.

शेवटच्या प्रवेशापर्यंत तिन्ही अंक नीट गेले. लोक श्वास रोखून बघत होते. शेवटचा प्रवेश: मी जमिनीवर बसून त्याचं ताट मांडतेय, वाट्या लावतेय. तो उजवीकडच्या दारातून यायचा, धुतलेल्या तोंडाने, आणि म्हणायचं, “मी आलो. सगळं सोंग होतं.” मग माझं वाक्य.

दारातून कुणी आलं नाही. मी वाट्या पुन्हा लावल्या. लोकांना वाटलं असंच आहे. मग वरून आवाज आला.

तो तटावर होता. तटाच्या कडेला, शिडीच्या बाजूला नाही, पुढच्या बाजूला, पायांची बोटं बाहेर. तोंड स्वच्छ धुतलेलं, पांढरे कपडे. आवाज मात्र सेनापतीचा नव्हता. घरातला होता. “मी आलो,” तो म्हणाला. आणि पुढचं वाक्य म्हटलंच नाही. डावा हात वर नेला आणि कान धरला.

भरलेल्या नाट्यगृहात ती खूण मला एकटीला कळत होती.

नाटकाप्रमाणे मी त्याला ओळखायचं नव्हतं. “मालक घरी नाहीत. नंतर या.” वाक्य जिभेवर होतं, शेकडो वेळा घोकलेलं. विंगेतून बाई कुजबुजत तेच सांगत होत्या. मी ताट बाजूला सारलं आणि उठले.

“ओळखलं मी तुला,” मी म्हटलं. “तिथेच थांब. मी वर येते.”

“तो म्हणतोय, पाऊल पुढे टाक.”

मी शिडीकडे चालत राहिले आणि बोलत राहिले. “ऐकलं मी. त्याचं वाक्य घेऊ नकोस. माझं घे. मी सांगते तसं म्हण. म्हण, मी खाली बसतो.”

त्याने ओठ हलवले. आवाज आला नाही.

“पुन्हा सांगते. मी खाली बसतो.”

“मी खाली बसतो,” तो म्हणाला.

“आणि बस.”

तो बसला. पाय कडेवरून खाली लोंबत होते. मी शिडी चढले, फळीवरून रांगत गेले, मागून त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि धरूनच ठेवलं. त्याचा कान अजून त्याच्या हातात होता. मी तो सोडवला. खालून नणंदबाईंचा आवाज आला, बाळा, बाळा. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला बाळा! बाईंनी पडदा टाकायला लावला. पलीकडे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, कितीतरी वेळ.

सकाळची वाट बघितली नाही. त्याच कपड्यांत, तोंडावरच्या रंगासकट दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, ऑगस्टपासून. त्यांनी विचारलं, तुमच्या लक्षात कधी आलं? नणंदबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

९ ऑक्टोबर

पेपरात आलंय की जुन्या शोकांतिकेला दिग्दर्शिकेने नवा, धाडसी शेवट दिला. बाईंनी ते कात्रण माझ्यासमोर फाडलं. दुसरा सेनापती घेऊन प्रयोग करायचे का, हे त्यांनी मला विचारलं, ठरवलं नाही. मी अजून उत्तर दिलेलं नाही. मला ती भूमिका हवी आहे, आणि तो पेला मी पुन्हा हातात धरू शकेन असं वाटत नाही.

रोज दुपारी दवाखान्यात जाते. औषधांनी तो झोपतो, जाडजूड झालाय, बोलणं संथ. डॉक्टर म्हणतात, सुधारेल, पण घाई करायची नाही. भिंतीतला आहे अजून, पण आता पुटपुटतो म्हणे, शब्द लागत नाहीत. मी तिथे हसतमुख जाते. वॉर्डच्या दाराशी थांबून चेहरा नीट करते आणि मग आत शिरते. इस्त्रीवाल्याच्या, कुंड्यांच्या, नणंदबाईंच्या नव्या रंगाच्या गमती सांगते.

आजही तेच चाललं होतं. दवाखान्याचा चहा आला. मी सवयीने पहिला घोट घ्यायला कप उचलला. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“कान धर,” तो म्हणाला.

“काय?”

“आल्यापासून तू नाटक करतेयस. रोज करतेस. कान धर आणि बोल.”

मी कप खाली ठेवला. डावा कान धरला. मग म्हटलं, “मला भीती वाटते. तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. पुन्हा सांगितलंस तरी मला ओळखता येईल का, याची भीती वाटते.” आणि मग रडले, अगदी नाक वगैरे लाल करून. शेजारच्या खाटेवरचे आजोबा भिंतीकडे वळले.

तो ऐकत होता. मध्ये थोडा थांबला, कुठेतरी लक्ष गेल्यासारखा, मग परत आला. माझ्यासमोरचा कप त्याने उचलला. मी अजून घोट घेतलेला नव्हता. त्याने घेतला.

“अगदी पांचट आहे,” तो म्हणाला. “आणि हे माझं मी म्हणतोय.”